वसुलीला वारस सापडतो, देताना का नाही?

कर्जदार शेतकरी वारला आणि हप्ता थकला, की बँकेची नोटीस बरोबर घर शोधत येते. 'मयत अमुक तर्फे वारस' असं लिहून खाली बायको, मुलगा, नांदायला गेलेल्या मुली, सगळ्यांची नावं. हे वारस बँकेने कुठल्या कोर्टाच्या दाखल्यावरून ठरवले?

कुठल्याच नाही.

त्याच माणसाच्या बचत खात्यात चाळीस हजार शिल्लक आहेत. तीच बायको आणि तोच मुलगा त्याच शाखेत ते मागायला जातात. आता टेबलापलीकडून प्रश्न येतो: तुम्हीच वारस कशावरून?

घेताना ओळख, देताना अनोळख.

दौंड तालुक्यातल्या केडगावसारख्या गावात हा प्रश्न आता घरोघरचा झालाय. उसाचं बिल खात्यावर, कांद्याची पट्टी खात्यावर, दुधाचा पगार खात्यावर. पीएम किसानचे दोन हजार आणि श्रावणबाळचं मानधनही खात्यावरच. पूर्वी बाप गेला तर पैसे ट्रंकेत सापडायचे आणि भांडण झालंच तर घरातल्या घरात व्हायचं. आता सगळी कमाई एका पासबुकात. ही सवय सरकारने आणि बँकांनी मिळून लावली, चांगलीच लावली. मग खातेदार गेल्यावर पुढे काय करायचं, हे सांगायचं कुणी?

खातं उघडायला आधार कार्ड आणि फोटो पुरतो. बंद करायला अख्खी भावकी लागते.

आपल्याकडे दशक्रियेला मांडव पडतो, प्रवचन होतं, मग श्रद्धांजलीची भाषणं सुरू होतात. कारखान्याचे संचालक, सोसायटीचे चेअरमन, बँकेचे संचालक, पंचायत समितीचे माजी सदस्य. माईक हातोहात फिरतो. 'कुटुंबाच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत' हे वाक्य प्रत्येकाच्या तोंडी असतं. 'वहिनी, सोमवारी शाखेत या, अर्ज मी स्वतः भरून घेतो,' असं माईकवर सांगणारा संचालक तुम्ही पाहिलाय का?

मी नाही पाहिला.

पहिला कागद मृत्यूच्या दाखल्याचा. १९६९ च्या कायद्याने मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची, आणि मृत्यू जिथे झाला तिथे करायची. केडगावचा माणूस ससूनमध्ये गेला तर दाखला पुणे महापालिका देणार, केडगावची ग्रामपंचायत नव्हे. हे ठाऊक नसल्याने लोक आधी ग्रामपंचायतीत हेलपाटे घालतात. नोंद वर्षभर राहून गेली तर प्रकरण थेट वरच्या अधिकाऱ्याच्या आदेशावर जाऊन बसतं. दाखला मिळाला की एकदमच भरपूर प्रती घ्या. बँकेला एक, तलाठ्याला एक, सोसायटीला एक, विम्याला एक, वीज मंडळाला एक. प्रत्येकाला 'ओरिजिनल'च हवी असते.

मरण एकच, पण ते प्रत्येक टेबलावर नव्याने सिद्ध करावं लागतं.

मग नावाची भानगड. दाखल्यावर 'बाळासाहेब'. पासबुकात 'बाळू'. आधारवर इंग्रजीत तिसरंच काहीतरी. सातबाऱ्यावर 'बाळा'. गावाला माणूस एक, बँकेला चार. मग 'सदर चारही नावांची व्यक्ती एकच' असं प्रतिज्ञापत्र आणा, नोटरी करून आणा. मुद्रांकाचं काम पूर्वी शंभरात भागायचं, ते ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्य सरकारने पाचशेवर नेलं. आता सांगा, पासबुकात 'बाळू' कुणी लिहिलं होतं? बँकेच्याच माणसाने, हातात कागद असताना.

चूक काउंटरच्या आतली, भुर्दंड बाहेरच्याला.

'नॉमिनी आहे का?' हा पुढचा प्रश्न. 'आहे' म्हटलं की काम संपायला हवं. नियम तसाच आहे, आणि कालपरवाचा नाही. रिझर्व्ह बँकेने ९ जून २००५ रोजी परिपत्रक काढलं. खात्याला नॉमिनी असेल, किंवा 'दोघांपैकी एक अथवा हयात' अशा सोयीचं जोडखातं असेल, तर वारसा दाखला मागू नका. प्रोबेट मागू नका. हमीपत्र मागू नका. जामीनदार मागू नका. रक्कम कितीही असो. ओळख पटली आणि मृत्यूचा पुरावा मिळाला, की १५ दिवसांत पैसे द्या.

२००५ साली जन्मलेली पोरं आज मतदान करतात. शाखांमध्ये जामीनदार अजून मागितला जातो.

तोही साधासुधा चालत नाही. त्याच शाखेचा खातेदार हवा, ऐपतदार हवा, प्रत्यक्ष हजर हवा. म्हणजे नवरा गेलेल्या बाईने गावातल्या कुणातरी बड्या माणसाच्या ओसरीवर जाऊन बसायचं, स्वतःच्या नवऱ्याच्या पैशांसाठी त्याची सही मागायची. त्या सहीचं ओझं ती पुढे किती वर्षं वाहणार? सहकारातली निवडणूक आली की त्या सहीची आठवण कोण करून देणार? गावात राहणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

शाखाधिकाऱ्याला विचारलं तर उत्तर ठरलेलं: उद्या दुसरा वारस उभा राहिला तर?

राहू द्या की. कायद्याने त्याची सोय केव्हाच करून ठेवली आहे. बँकिंग नियमन कायद्याचं कलम ४५ झेडए. नॉमिनीची तरतूद १९८५ पासून लागू आहे. नॉमिनीला पैसे दिले की बँकेची जबाबदारी संपली. दुसऱ्या वारसाचं काही म्हणणं असेल तर त्याने नॉमिनीला धरावं, बँकेला धरता येत नाही. कोर्टाचा मनाई हुकूम आधीच हातात पडला असेल तर गोष्ट वेगळी. कायद्याने बँकेच्या डोक्यावर एवढी छत्री धरलेली असताना, ही माणसं विधवेच्या पदराखाली आडोसा का शोधतात?

कारण आहे. पैसे अडवून ठेवले म्हणून कुठल्या कारकुनाची चौकशी लागली, असं कुणी ऐकलंय का? पैसे दिले आणि मागून तक्रार आली तर मात्र खुलासा मागतात, ऑडिटमध्ये शेरा बसतो, बढती अडकते. शाखाधिकाऱ्याची भीती खरी आहे, मी ती नाकारत नाही. पण त्या भीतीची किंमत ज्या घरात अजून सुतक फिटलेलं नाही, त्या घराने का मोजायची? बँकेचं मुख्य कार्यालय आपल्या माणसाला एवढंच लिहून देऊ शकत नाही का, की नियमाने पैसे दिलेस तर तुझ्यामागे आम्ही उभे आहोत?

वीस वर्षांत एवढं एक पत्र निघू नये?

नॉमिनी नसेल तर हयगय आपली, हे मान्य. पण पूर्ण आपली नाही. केडगाव, पारगाव, यवत, वरवंड, कुठेही जुनी पासबुकं काढून बघा. नॉमिनीचा रकाना मोकळा. खातं उघडताना अंगठा नेमका कुठे करायचा हे दाखवणाऱ्या माणसाला तो रकाना दिसला नव्हता का?

नॉमिनी नसलेल्या खात्यांसाठीही २००५ पासून सोय होती. ठराविक रकमेपर्यंत कोर्टाची पायरी न चढवता, वारसांच्या हमीपत्रावर पैसे द्यायचे. मर्यादा मात्र प्रत्येक बँकेने आपापली ठरवायची. कुणी किती ठरवली, ते शाखेत कुठल्या भिंतीवर लिहिलं होतं? अखेर २६ सप्टेंबर २०२५ रोजी रिझर्व्ह बँकेने आकडाच बांधून दिला. सहकारी बँकांना किमान ५ लाख, इतर बँकांना किमान १५ लाख. वाद नसेल तर तेवढ्यापर्यंत कोर्टाचा दाखला नको. अर्जाचे नमुने सगळीकडे सारखे. आणि हे अमलात आणायची मुदत ३१ मार्च २०२६.

आता केडगावातल्या घरांचा हिशेब करा. बाप गेला तेव्हा बचत खात्यात पंधरा लाख होते, अशी घरं किती निघतील? मग इतकी माणसं वकिलाची फी भरून दौंडच्या कोर्टात काय करत होती?

कोर्टाचंही एक सांगायला हवं. टेबलावरचा माणूस नुसतं 'वारस दाखला आणा' म्हणतो. कुठला, ते सांगत नाही. तलाठ्याकडची वारस नोंद वेगळी, ती जमिनीपुरती. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याखालचं प्रमाणपत्र वेगळं, ते येणी आणि रोख्यांसाठी. आणि तिसरा दाखला १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन आठचा. होय, १८२७. एल्फिन्स्टन साहेबाच्या अमदानीतला. बँक ऑफ बॉम्बे निघायला तेव्हा अजून तेरा वर्षं होती. महाराष्ट्रात हा कायदा आजही चालतो. माणूस आधी तलाठ्याचा उतारा नेतो, 'हा चालत नाही' ऐकतो. मग तहसीलमधून काहीतरी आणतो, 'हाही नाही' ऐकतो. तिसऱ्या खेपेला वकील गाठतो.

पहिल्याच दिवशी एका चिठ्ठीवर नाव लिहून दिलं असतं तर? पण बँकेतला माणूस लिहून देत नाही. तोंडी सांगितलेलं नाकारता येतं.

आता एक चित्र जवळून बघा, कारण हे कुठल्याही गावात दिसतं. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने गेलेल्या पुरुषाची बायको, मुलगे, मुली आणि आई हे पहिल्या वर्गातले वारस. आईसुद्धा. नॉमिनी नसला की आईची सही लागते. मुलगा पन्नाशीत गेला, आई ऐंशीच्या पुढची, अंथरुणाला खिळलेली. शाखेतून निरोप येतो: आजींना घेऊन या. मग शेजाऱ्याची गाडी, दोन माणसं धरायला, शाखेच्या पायऱ्या, प्लास्टिकची खुर्ची. शाईचा पॅड पुढे येतो. नात तिचा डावा अंगठा धरून कागदावर टेकवते. एकदा, दोनदा, प्रत्येक पानावर. म्हातारीला वाचता येत नाही. पण कागद कशाचा आहे ते तिला कळलेलं असतं, आणि ती कुणाकडेही न बघता पदराने अंगठा पुसत राहते.

सत्तरी ओलांडलेल्यांना आणि आजाऱ्यांना मूलभूत सेवा घरपोच देण्याचा प्रयत्न करा, असं रिझर्व्ह बँकेने ९ नोव्हेंबर २०१७ रोजीच सांगून ठेवलंय. वसुलीची जीप वस्तीवरच्या शेवटच्या घरापर्यंत जाते. एका अंगठ्यासाठी माणूस जात नाही.

बहिणींच्या सहीबद्दल मात्र मी बँकेच्या बाजूने आहे. 'तिला कशाला मधे घ्यायचं, तिचं लग्नात दिलंय की सगळं,' असं म्हणणाऱ्या भावांना बँकेने सरळ परत पाठवावं. ती वारस आहे, तिला विचारायलाच हवं. पण होतं काय? 'ना हरकत'चा कागद भाऊच घरी घेऊन जातो, बहीण चुलीपुढे बसल्या बसल्या सही करते, कागद परत येतो आणि फाइलला लागतो. किती रक्कम आहे, ती कशावरचा हक्क सोडते आहे, हे तिला कुणी वाचून दाखवलं का?

जिथे बँकेने हट्ट धरायचा, तिथे ती धरत नाही.

आणि हे केडगावात घडावं? हे पंडिता रमाबाईंचं गाव आहे. ऐन तारुण्यात वैधव्य आलेली ही बाई परित्यक्तांना, विधवांना, दुष्काळात उघड्या पडलेल्या मुलींना घेऊन इथे राहिली. मुक्ती मिशन उभं केलं. बायकांना लिहायला वाचायला शिकवलं, विणकाम शिकवलं, शेती शिकवली, छापखान्यात खिळे जुळवायला शिकवले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. शंभरावर वर्षं लोटली. आणि त्याच गावाच्या परिसरात आज नवरा गेलेल्या बाईला शाखेत सांगितलं जातं: ताई, तुम्हाला नाही कळायचं, मुलाला पाठवा.

नॉमिनी ती आहे. अर्जावर सही तिची लागणार आहे. मग कळायला मुलगा कशाला?

पासबुकाकडे परत येऊ. घरात कुणी गेलं असेल तर पासबुक छापून आणा आणि मे अखेरीच्या नोंदी बघा. ४३६ रुपये कापलेले दिसले तर ती प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना. वय ५५ च्या आत असताना मृत्यू झाला तर दोन लाख. २० रुपये कापलेले दिसले तर सुरक्षा विमा, अपघाती मृत्यूला दोन लाख. या योजना २०१५ पासून आहेत. खातं उघडताना पंधरा सह्यांमध्ये एक सही याचीही असते, आणि गेलेल्या माणसाने ती घरी सांगितलेली नसते. बँकेच्या संगणकात मात्र नोंद असते. मृत्यूचा दाखला टेबलावर आला की 'यांचा विमा आहे, हाही अर्ज भरा' एवढं सांगायला किती वेळ लागतो?

पैसे कापायची आठवण संगणक ठेवतो. द्यायची आठवण वारसाने ठेवायची.

गावात एक सल्ला सर्रास दिला जातो: 'आधी एटीएममधून काढून घे, मग बँकेला सांग.' हे चूक आहे. खातेदार गेल्यावर त्याचं कार्ड वापरता येत नाही, आणि उद्या दुसऱ्या वारसाने विचारलं तर उत्तर द्यावं लागतं. तरी लोक हे करतात. चांगली, सरळ, कधी कुणाचा रुपया न बुडवलेली माणसं करतात. दवाखान्याचं बिल द्यायचं असतं, दहावं करायचं असतं, आणि खरं सांगितलं की खातं गोठतं, हे त्यांनी शेजारच्या घरात पाहिलेलं असतं.

सरळ माणसाला आडमार्ग धरावासा वाटतो, तो कुणामुळे?

नॉमिनी म्हणजे मालक, हाही एक पक्का गैरसमज. नॉमिनी फक्त पैसे स्वीकारणारा, हक्क वारसांचा किंवा मृत्युपत्रात लिहिला असेल त्याचा. बँकेतल्या ठेवींबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच हे सांगितलं. शेअर्सबाबतचा घोळ मात्र पुढे चालू राहिला आणि तो मिटला एका मराठी घरच्या खटल्यात. 'कालनिर्णय'कार जयंत साळगावकर २० ऑगस्ट २०१३ रोजी गेले. मृत्युपत्र होतं, ठेवींना आणि म्युच्युअल फंडांना नॉमिनीही होते. तरी प्रश्न उभा राहिला आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यायला १४ डिसेंबर २०२३ उजाडला. दहा वर्षं. शहाण्या, सुस्थितीतल्या, कागद नीट ठेवलेल्या घराला दहा वर्षं लागली, तर पासबुकात 'बाळू' लिहिलेल्या घराने काय करायचं?

१ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवींना चार नॉमिनी लावता येतात, कुणाला किती टक्के तेही लिहिता येतं. ही सोय चांगली आहे. आजच शाखेत जा, घरातल्या प्रत्येक खात्याला नॉमिनी लावा आणि नोंदीची पोच घ्या. नाव पासबुकावर छापून मागा. काउंटरवर 'नंतर बघू' म्हणतील. नंतर कधी, ते आपल्या हातात नसतं.

दरम्यान महसूल खात्याने एक काम केलं. होय, त्याच महसूल खात्याने, ज्याच्या नावाने आपण बोटं मोडतो. मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायला १ एप्रिल २०२५ पासून राज्यभर 'जिवंत सातबारा' मोहीम घेतली. तलाठ्यांना याद्या करायला लावल्या, चावडीवर वाचायला लावल्या. किती झालं, किती राहिलं, हा वेगळा विषय. पण कल्पना तर निघाली, की मयताच्या नावावरचं सरकारनेच शोधावं, वारसाने दार ठोठावायची वाट बघू नये.

बँकांची 'जिवंत पासबुक' मोहीम कधी?

याद्या तर त्यांच्याकडे आहेत. दहा वर्षं कुणी हात न लावलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण आणि जागृती निधीत जातात. मार्च २०२४ अखेर तिथे ७८,२१३ कोटी रुपये होते. हे पैसे बुडत नाहीत, वारस केव्हाही मागू शकतो, बँकेला द्यावेच लागतात. शोधायला ऑगस्ट २०२३ पासून 'उद्गम' नावाचं पोर्टल आहे. पण आपल्या बापाचं अमुक बँकेत खातं होतं हेच ठाऊक नसलेला माणूस पोर्टल कशाला उघडेल? कर्जासाठी ज्यांना पत्ता सापडतो, त्यांना ठेवीसाठी का सापडत नाही?

पतसंस्थेत पैसे असतील तर जास्त जपून. तिला रिझर्व्ह बँकेचे हे नियम लागू नाहीत, ती सहकार खात्याच्या ताब्यात. पाच लाखांचा ठेव विमाही तिथे नाही. व्याज अर्धा टक्का जास्त मिळतं म्हणून बापाने तिथे ठेवले असतील, तर दाव्याचं दार सहकार निबंधकाचं.

रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२५ च्या नियमातला खरा दम पुढे आहे. १५ दिवसांत दावा निकाली काढला नाही आणि उशीर बँकेमुळे झाला, तर ठेवीवर 'बँक रेट' अधिक किमान चार टक्के दराने भरपाई. लॉकर असेल तर उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५,००० रुपये. बँक रेट साडेपाच धरला तर दोन लाखांच्या ठेवीवर तीन महिन्यांचे साडेचार हजारांच्या वर होतात. पहिल्यांदाच उशिराला दर लागलाय.

पण पळवाट त्याच वाक्यात आहे. १५ दिवस मोजायचे ते 'सर्व कागदपत्रे मिळाल्यापासून'. आणि सर्व म्हणजे किती, हे शाखा ठरवणार. आज फोटो राहिला, उद्या पॅन राहिलं, परवा अर्जाचा नमुना जुना निघाला. शेवटचा कागद कधी पोचतच नाही, आणि घड्याळ सुरूच होत नाही. म्हणून कागद देताना यादी करा, दोन प्रती काढा, एकीवर तारखेसह शिक्का मारून घ्या. शिक्का मारायला नकार दिला तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा.

शाखा ऐकत नसेल तर आधी बँकेकडे लेखी तक्रार. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेचे लोकपाल. चौकशीला १४४४८ हा क्रमांक, तिथे मराठीत बोलता येतं. जिल्हा मध्यवर्ती बँका या लोकपालाच्या कक्षेत नव्हत्या, त्या १ नोव्हेंबर २०२५ पासून आल्या. ग्रामीण भागात जिथे सर्वांत जास्त खाती, तिथे तक्रारीचं दार उघडायला एवढी वर्षं का लागली, याचं उत्तर सहकारातल्या कुणीतरी द्यावं.

आणि ती भरपाई. साडेचार हजार. ज्या बाईला दाव्याचा अर्ज भरायला मुलाला पाठवा म्हणून सांगितलं, ती आता उशिराच्या व्याजाचा दुसरा अर्ज लिहिणार का? थकलेल्या हप्त्यावरचा दंड बँक कुणाच्याही अर्जाची वाट न बघता लावते. सोळाव्या दिवसापासून हेही तसंच, न मागता, तिच्या खात्यात जमा झालं पाहिजे.